नाव विचित्र, टायर कसा? अनोळखी स्वस्त ब्रँडचा टायर घेण्याआधी काय काय तपासायचं

लँडसेल, डेलिंटे, हायफ्लाय, विंडफोर्स, मॅझिनी, थ्री-ए, गुडराइड, इव्हेंट, इंपीरियल, अ‍ॅक्सेलेरा. इंग्लंडात गाडीचा नंबर टाकून टायर शोधायला बसलं आणि किमती चढत्या क्रमाने लावल्या, की पहिल्या पानावर ही सगळी मंडळी हजर होतात. मिशेलिन, काँटिनेंटल, ब्रिजस्टोन पार शेवटी. मधल्या पट्ट्यात हँकूक, कुम्हो, फाल्कन. भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला एमआरएफ, सिएट, अपोलो आणि जेके एवढीच नावं पाठ असतात, त्यामुळे तो एकतर घाबरून सगळ्यांत महाग टायर घेतो, नाहीतर ‘काळं रबर ते काळं रबर’ म्हणून सगळ्यांत स्वस्त.

इथले गाडीवेडे लोक या टायरांना ‘डिचफाइंडर’ म्हणतात. म्हणजे पाऊस पडला की गाडीला रस्त्याकडेचा चर आपोआप शोधून देणारे. चेष्टा बरीचशी रास्त आहे, पण सरसकट नाही. या यादीत जगातल्या मोठ्या कारखान्यांचा मालही आहे आणि ज्याचा कारखाना कुठला हे विकणाऱ्यालाही सांगता येणार नाही असा मालही. दोन्हींची नावं सारखीच चमत्कारिक. म्हणून नाव सोडून द्या आणि चार गोष्टी विचारा: बनवला कोणी, बनला कधी, ओल्या रस्त्यावर थांबतो किती अंतरात, आणि उद्या फाटला तर जबाबदार कोण. या चारही गोष्टी शोधता येतात, आणि तेही बहुतेक वेळा घरबसल्या.

आधी नावांचा गुंता सोडवू

नाव विचित्र म्हणजे माल भुक्कड, हे समीकरण डोक्यातून काढण्यासाठी आपलंच उदाहरण पुरेसं आहे. सिएट हे नाव आपण इतकं ऐकलंय की ते मराठीच वाटतं. ती मूळची इटलीतली, १९२४ साली तुरीन शहरात निघालेली कंपनी. ‘कावी एलेत्त्रिची ए अफिनी तोरिनो’, म्हणजे विजेच्या तारा आणि तत्सम वस्तू, तुरीन. त्याची आद्याक्षरं म्हणजे सिएट. एमआरएफची सुरुवात १९४६ मध्ये मद्रासला फुगे बनवण्यापासून झाली. इटलीतल्या फुटबॉलच्या दुसऱ्या श्रेणीच्या लीगला अनेक वर्षं ज्या ‘बीकेटी’चं नाव होतं, ती आपली मुंबईची बालकृष्ण इंडस्ट्रीज, वाळूजला कारखाना असलेली. ट्रॅक्टर आणि अवजड यंत्रांचे टायर बनवते. तिथल्या प्रेक्षकाला ही तीन अक्षरं सुरुवातीला हायफ्लायइतकीच परकी वाटली असणार.

स्वस्त टायरांची नावं ढोबळमानाने तीन घराण्यांतली असतात.

पहिलं घराणं म्हणजे मोठ्या कंपन्यांची धाकटी पाती. मिशेलिनकडे कोरमोरान, रिकेन, टिगार आणि टॉरस आहेत. काँटिनेंटलकडे बारुम, मॅटाडोर, सेम्पेरिट, व्हायकिंग. गुडइयरकडे पोलंडचा डेबिट्सा आणि स्लोव्हेनियाचा सावा. हँकूकचा लाउफेन, नेक्सेनचा रोडस्टोन, कुम्होचा मार्शल. यातले बरेच ब्रँड एकेकाळी पूर्व युरोपातल्या स्वतंत्र कंपन्या होत्या, नंतर मोठ्यांनी विकत घेतल्या. तंत्र एखाद-दोन पिढ्या जुनं असेल, पण मागे नाव, प्रयोगशाळा आणि तक्रार ऐकून घेणारं ऑफिस असतं. थोडक्या पैशांत टायर हवा असेल तर मी सर्वांत आधी इथे शोधतो. गंमत म्हणजे ‘टिगार’ हे नाव ऐकून नाक मुरडणारे लोक मिशेलिनच्या धाकट्या भावालाच नाक मुरडत असतात.

दुसरं घराणं कारखानदारांचं. इथे कंपनी स्वतः प्रचंड मोठी असते, फक्त आपल्याला माहीत नसते. चीनच्या हांगझोऊमधली झोंगत्से रबर घ्या. वेस्टलेक, गुडराइड, चाओयांग आणि ट्राझानो हे सगळे तिचेच. ‘वेस्टलेक’ हे हांगझोऊमधल्या प्रसिद्ध तळ्याचं नाव. शानडोंग प्रांतातल्या लिंगलाँगचे थायलंडमध्ये आणि सर्बियात झ्रेन्यानिन इथे कारखाने आहेत. तिच्या नावावरून इंग्रजीत विनोद पुष्कळ होतात, पण ती वोक्सवॅगनलाही टायर पुरवते. चिंगदाओची सेंच्युरी ही कंपनी लँडसेल आणि डेलिंटे बनवते. चिंगदाओचीच साइलुन व्हिएतनाम आणि कंबोडियातूनही माल काढते. तैवानची नानकांगही यातलीच, आणि ‘नानकांग’ हे तैपेईमधल्या एका भागाचं नाव. तुर्कस्तानचे पेटलास, स्टारमॅक्स आणि लासाही याच गटात धरा.

तिसरं घराणं घाऊक व्यापाऱ्यांचं, आणि खरा गोंधळ इथे आहे. बेल्जियममधल्या अँटवर्पची डेल्डो ही कंपनी टायर बनवत नाही, विकते. पण इंपीरियल, मिनर्व्हा, ट्रायस्टार, फोर्चुना, सुपेरिया ही नावं तिची. ब्रिटनमधला दावांती हा असाच तिथल्या घाऊक विक्रेत्याचा ब्रँड. दुबईच्या झाफ्कोचा झीटेक्स आखातातल्या मराठी मंडळींना माहीत असेल. डी-मार्टच्या स्वतःच्या पिशवीतली तूरडाळ या महिन्यात एका गिरणीची आणि पुढच्या महिन्यात दुसऱ्या गिरणीची असू शकते, तसंच इथे. नाव तेच राहतं, कारखाना बदलू शकतो. दोन वर्षांपूर्वी मित्राने घेतलेला टायर छान निघाला म्हणून आज त्याच नावाचा टायर तसाच असेल, याची खात्री या गटात कमी.

एवढी नावं लागतातच कशाला? व्यापाऱ्याला आपल्या भागात असा ब्रँड हवा असतो की ज्याची किंमत ग्राहकाला शेजारच्या दुकानाशी ताडून पाहता येणार नाही. कारखान्याला तेच साचे वापरून, बाजूवरची नावाची पट्टी बदलून चार व्यापाऱ्यांना खूश करता येतं. नोंदणीसाठी मोकळं असलेलं, जरा इंग्रजी-इटालियन वाटणारं नाव शोधलं, की काम झालं.

त्यात जकातीने भर घातली. अमेरिकेने २००९ मध्ये चिनी टायरांवर ३५ टक्के जादा कर लावला आणि २०१५ मध्ये पुन्हा नवे कर बसवले. मग चिनी कंपन्यांनी थायलंड आणि व्हिएतनामची वाट धरली, तर २०२१ मध्ये त्या देशांवरही कर आला. एकाच ब्रँडच्या चार टायरांवर दोन वेगळ्या देशांची नावं दिसली तर दचकू नका, कारण हे आहे. मालकही बदलतात. इंडोनेशियात अकिलीस टायर बनवणारी मल्टिस्ट्राडा ही कंपनी २०१९ मध्ये मिशेलिननेच घेतली.

पायरी १: आपल्या गाडीला काय लागतं ते लिहून घ्या

ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत स्टिकर असतो. समजा त्यावर २०५/५५ आर१६ ९१व्ही असं आहे. २०५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ५५ म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची, १६ म्हणजे इंचात रिम. लोक इथपर्यंत वाचतात आणि थांबतात. पुढचं ९१व्ही हेच स्वस्त टायर घेताना चुकण्याची जागा आहे.

९१ हा भाराचा निर्देशांक, एका टायरला ६१५ किलो. ९४ म्हणजे ६७० किलो. ८८ म्हणजे ५६० किलो. अक्षर वेगाचं: टी १९० किलोमीटर प्रतितास, एच २१०, व्ही २४०, डब्ल्यू २७०. मोटरवेवर तुम्ही ७० मैलांच्या वर जाणार नाही, मग व्ही कशाला, असा प्रश्न मनात येतो. ते अक्षर फक्त वेगाचं नाही, त्या वेगाला निर्माण होणारी उष्णता टायर सोसतो याचं आहे, आणि गाडी बनवणाऱ्याने सगळा हिशोब त्यावर मांडलेला असतो. भाराचा आकडा आणि वेगाचं अक्षर, दोन्ही स्टिकरवरच्यापेक्षा जास्त क्षमतेचे चालतील, कमी चालणार नाहीत. विमा कंपनीला हात झटकायला असं निमित्त देऊ नका. इलेक्ट्रिक गाडी असेल तर भाराचा आकडा दोनदा बघा, कारण बॅटरीमुळे गाडी जड असते आणि त्याच साइझमध्ये साधा टायर स्वस्तात समोर येतो.

पायरी २: टायरच्या पोटावरचं वाचा

दुकानात टायर बसवण्याआधी हात लावून बघायला मागा. कोणी नाही म्हणत नाही. मोबाइलचा टॉर्च टायरच्या बाजूला जवळजवळ टेकवून तिरका धरा. काळ्यावर काळी अक्षरं समोरून दिसत नाहीत, तिरक्या उजेडात उठून येतात.

सर्वांत आधी ‘डॉट’ ही तीन अक्षरं शोधा. ती अमेरिकेच्या वाहतूक खात्याची खूण, पण जगभर विकल्या जाणाऱ्या बहुतेक टायरांवर असते. त्याच्यापुढची पहिली दोन किंवा तीन चिन्हं हा कारखान्याचा सांकेतिक क्रमांक. पूर्वी दोन असायची, आता तीन. अमेरिकेच्या एनएचटीएसए या रस्ता सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की कारखान्याचं नाव आणि गाव समोर येतं. बाजूवर ‘मॅझिनी’ लिहिलेलं असो नाहीतर आणखी काही, खरा जन्मदाखला हा.

त्याच ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. ३६२४ म्हणजे २०२४ चा ३६ वा आठवडा, म्हणजे सप्टेंबरची सुरुवात. हे चार आकडे पुष्कळदा टायरच्या एकाच बाजूला असतात. गाडीला लावलेल्या टायरवर दिसले नाहीत तर ते आतल्या बाजूला गेलेत असं समजा, म्हणूनच बसवण्याआधी बघायचं. नवा म्हणून घेताना दोन वर्षांहून जुना टायर मी परत करतो. नीट ठेवलेलं रबर दोन वर्षांत वाया जात नाही हे खरं, पण आपण पूर्ण किंमत मोजतोय. न खपणाऱ्या ब्रँडचा माल गोदामात पडून राहण्याची शक्यता जास्त, त्यामुळे स्वस्त टायरात ही तपासणी अधिक गरजेची.

मग गोलातला इंग्रजी ‘ई’ आणि त्याच्या शेजारी आकडा शोधा. ई४ म्हणजे नेदरलँड्सने मंजुरी दिली, ई१ जर्मनीने, ई२ फ्रान्सने, ई११ ब्रिटनने. दुकानदार कधीकधी ‘ई४ आहे, म्हणजे हॉलंडमध्ये बनलाय’ असं ठोकून देतात. ते चूक. मंजुरी देणारा देश तो, बनवणारा देश ‘मेड इन’च्या पुढे लिहिलेला असतो. गोलाजवळ मंजुरीचा क्रमांक असतो. दोन वेगळ्या नावांच्या टायरांवर देशाचा आकडा आणि हा क्रमांक अगदी एकच निघाला, तर दोन्ही एकाच उत्पादकाचे. मग जो स्वस्त तो घ्या. ही तपासणी कोणी करत नाही, पण स्वस्त टायरांच्या बाजारात पैसे वाचवणारी युक्ती हीच.

क्रमांकाच्या शेवटी ‘एस२डब्ल्यूआर२’ असं काहीतरी दिसेल. आवाज, ओल्या रस्त्यावरची पकड आणि घरंगळताना होणारा विरोध (तो जितका कमी, तितकं इंधन कमी), या तिन्हींच्या किमान अटी पाळल्याची ती खूण. युरोपसाठी बनलेल्या टायरवर ‘ई’ची खूणच नसेल तर तो टायर घेऊ नका, मग नाव कितीही राजेशाही असो.

पायरी ३: लेबलवरचं एकच अक्षर आधी बघा

युरोपात २०१२ च्या नोव्हेंबरपासून टायरला लेबल आलं आणि मे २०२१ पासून ते नव्या रूपात आहे: ए ते ई अशा श्रेणी, आणि कोपऱ्यात क्यूआर कोड. कोड स्कॅन केला की युरोपच्या ‘एप्रेल’ या अधिकृत नोंदवहीत त्या टायरचं पान उघडतं. पुरवठादार कोण, साइझ काय, श्रेणी काय, सगळं तिथे. ज्या टायरचं तिथे पानच सापडत नाही, त्याबद्दल विकणाऱ्याला सरळ विचारा.

लेबलवर इंधन, ओली पकड आणि आवाज अशा तीन गोष्टी आहेत. नजर आधी ढगाच्या चित्राकडे, म्हणजे ओल्या पकडीकडे न्या. चाचणीत ओल्या रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरवरून ब्रेक मारून थांबण्याची क्षमता मोजतात. एका श्रेणीचा फरक साधारण ३ ते ६ मीटरचा धरला जातो, आणि सर्वोत्तम व सर्वांत वाईट यांच्यात १८ मीटरपर्यंत अंतर पडू शकतं. १८ मीटर म्हणजे एकामागोमाग उभ्या चार गाड्या. ब्रिटनमध्ये वर्षातले किती दिवस रस्ता ओला असतो ते वेगळं सांगायला नको.

स्वस्त टायर नेमका इथेच मागे का पडतो? टायरमध्ये तीन गोष्टी एकमेकींशी भांडत असतात: झीज, ओली पकड आणि घरंगळण्याचा विरोध. एक सुधारायला गेलं की दुसरी बिघडते. मिशेलिनने १९९२ मध्ये रबरात काजळीऐवजी मोठ्या प्रमाणात सिलिका घालून हा तिढा बराच सोडवला. पण सिलिका रबरात नीट मिसळण्यासाठी वेगळी रसायनं, जास्त वेळ आणि काटेकोर तापमान लागतं. वर चांगली रेझिनं घाला, चाचण्यांसाठी खरा रस्ता घासा. हा सगळा पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टींत जातो. नक्षी मात्र कोणालाही झकास काढता येते. उलट सर्वांत स्वस्त टायरांवरच सर्वांत आक्रमक, बाणाच्या आकाराची नक्षी दिसते. तिला भुलू नका.

यातूनच एक फसवी शिफारस जन्माला येते: ‘आमचा तो स्वस्तातला टायर चाळीस हजार मैल गेला, झिजायचं नाव नाही.’ बरोबर आहे, रबर कडक आहे म्हणून झिजत नाही. आणि कडक आहे म्हणूनच पावसात राउंडअबाउटवर घसरतो. टायर टकला झाला नाही हे कौतुक ऐकलं की मी पुढचा प्रश्न ब्रेकचा विचारतो.

लेबललाही मर्यादा आहेत. आकडे उत्पादक स्वतः जाहीर करतो, सरकार मधूनमधून नमुने तपासतं. चाचणी नव्या टायरची असते. साचलेल्या पाण्यावर गाडी तरंगणं, वळणावरची पकड, कोरड्या रस्त्यावरचा ब्रेक हे त्यात नाही. म्हणून ‘बी’ श्रेणीचे दोन टायर प्रत्यक्षात सारखे असतीलच असं नाही. पण ‘डी’ किंवा ‘ई’ श्रेणीचा टायर चांगला निघेल ही आशा मात्र सोडून द्या.

अमेरिकेत हे लेबल नाही. तिथे टायरच्या पोटावरच तीन श्रेणी कोरलेल्या असतात: झीज आकड्यात, पकड एए, ए, बी, सी अशी, आणि तापमान ए, बी, सी. झिजेची चाचणी टेक्सासमधल्या सॅन अँजेलोच्या आसपास ४०० मैलांच्या ठरलेल्या मार्गावर, एकूण ७,२०० मैल गाड्या पळवून करतात. त्यावरून पुढचा अंदाज कंपनी स्वतः बांधते. त्यामुळे एका कंपनीचा ४०० आणि दुसरीचा ५०० यांची तुलना फारशी विश्वासाची नाही. पकडीचं अक्षर ओल्या रस्त्यावरच्या सरळ रेषेतल्या ब्रेकचं आहे, वळणाचं नाही. आखातात टायर घेणाऱ्याने तापमानाच्या अक्षराला पहिलं स्थान द्यावं.

बर्फाबद्दल एवढंच: ‘एम अँड एस’ ही अक्षरं उत्पादक स्वतःच्या मनाने छापू शकतो. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र असेल तर बर्फावरची चाचणी झालेली असते. जर्मनीत ऑक्टोबर २०२४ पासून हिवाळी परिस्थितीत हे चित्र असलेलाच टायर चालतो. म्युनिक-स्टुटगार्टच्या मराठी घरांत जुने ‘एम अँड एस’ टायर तळघरात पडले असतील तर ते तपासा.

पायरी ४: चाचण्या वाचा, अभिप्राय नव्हे

ऑनलाइन दुकानांतले ग्राहकांचे तारे जवळजवळ निरुपयोगी असतात. टकल्या टायरवरून नव्यावर आलेल्या माणसाला पहिल्या आठवड्यात कुठलाही टायर लोण्यासारखाच वाटतो, आणि तो तेव्हाच पाच तारे देतो.

जर्मनीची वाहनचालक संघटना एडीएसी दर वर्षी उन्हाळी आणि हिवाळी टायरांच्या चाचण्या छापते. गुणांकन ०.५ ते ५.५, आणि शाळेच्या उलट, आकडा जितका कमी तितकं चांगलं. जर्मनीचं ऑटो बिल्ड आणि ब्रिटनचं ऑटो एक्स्प्रेस या नियतकालिकांच्याही चाचण्या असतात. तुमचा स्वस्त ब्रँड त्यांत असेलच असं नाही. असला तर एकूण क्रमांकापेक्षा ओल्या ब्रेकचं मीटरमधलं अंतर बघा आणि पहिल्या आलेल्या टायरशी ताडा. चाचणी तुमच्याच साइझची, किंवा निदान जवळपासच्या साइझची आणि त्याच नक्षीची हवी. एकाच ब्रँडची एक नक्षी मधल्या फळीत आणि दुसरी तळाला, असं सहज असू शकतं. म्हणून नुसतं ‘लँडसेल कसा?’ असं विचारू नका, पूर्ण मॉडेल विचारा.

ब्रँड एकाही चाचणीत सापडत नसेल तर? मग कारखान्याच्या क्रमांकावरून उत्पादक काढा आणि त्याच उत्पादकाचे इतर ब्रँड चाचण्यांत कुठे आहेत ते बघा. पुरावा थोडा दुरून मिळतो, पण अंधारात उडी मारण्यापेक्षा बरा.

पायरी ५: खरा हिशोब मांडा

उदाहरणादाखल स्वस्त टायर ५५ पौंडांचा आणि मधल्या फळीतला ८० पौंडांचा धरा. बसवणं, नवा व्हॉल्व्ह, बॅलन्सिंग आणि जुना टायर टाकणं यांचा खर्च दोन्हीकडे सारखाच. म्हणजे चार टायरांमागे फरक १०० पौंडांचा. मधल्या फळीतला टायर तीन-चार वर्षं चालला, तर महिन्याला दोन ते पावणेतीन पौंड. लेबलवर इंधनाच्या दोन श्रेणींचा फरक असेल तर त्यातलेही काही पेट्रोलमध्ये परत येतात.

गाडी रोज मोटरवेवर असेल, मागच्या सीटवर मुलं असतील, किंवा गाडी जड आणि दमदार असेल, तर मी मधल्या फळीच्या खाली उतरत नाही. छोटी गाडी, शहरातल्या शहरात, स्टेशनपर्यंत आणि किराण्यापर्यंत जाणारी. तिला दुसऱ्या घराण्यातला, ओल्या पकडीत ‘बी’ किंवा त्याहून वरचा, ताज्या तारखेचा टायर खुशाल घाला. सहा महिन्यांत विकायची गाडी असेल तरीही. तिसऱ्या घराण्यातला टायर कारखाना आणि श्रेणी दोन्ही कळल्याशिवाय नको.

जुन्या वापरलेल्या टायरांच्या वाटेला मात्र जाऊ नका. ब्रिटनमध्ये ते विकणं कायदेशीर आहे, त्यांवर ‘पार्ट-वॉर्न’ छापलेलं आणि किमान २ मिलिमीटर खोली असावी लागते. पण कायद्याची झिजण्याची मर्यादा १.६ मिलिमीटर. म्हणजे ज्याच्यासाठी पैसे मोजताय ते रबर उरतं किती? नवा स्वस्त टायर यापेक्षा केव्हाही शहाणपणाचा. झिजलेल्या टायरसाठी प्रत्येकी २,५०० पौंडांपर्यंत दंड आणि ३ पेनल्टी पॉइंट होऊ शकतात. चार टायर टकले असतील तर लायसन्सच जायचं.

पायरी ६: गॅरेजमध्ये

‘सगळेच चीनमधून येतात साहेब, हाच घ्या, आम्ही रोज वीस लावतो.’ हे वाक्य तुम्हाला इंग्रजीत, पंजाबीत किंवा उर्दूत ऐकायला मिळेलच. भांडू नका. ‘यात ओल्या पकडीत ए किंवा बी कुठला आहे?’ एवढं विचारा. बऱ्याचदा मागच्या रॅकवरून पाच पौंड जास्तीचा, पण कितीतरी सरस टायर निघतो. गॅरेजवाला पुढे ढकलतो तो टायर पुष्कळदा त्याच्याकडे पडून असलेला असतो.

एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे पुढच्या किंवा मागच्या जोडीत, दोन्ही टायर एकाच ब्रँडचे आणि एकाच नक्षीचे लावा. दोनच नवे घेतले तर नवे मागे आणि अर्धवट झिजलेले पुढे, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी. पावसात मागची बाजू सुटली तर सामान्य ड्रायव्हरला सावरता येत नाही, पुढची सुटली तर निदान स्टिअरिंगवर कळतं. फिटर कुरकुर करेल, कारण त्याला चाकं अदलाबदल करावी लागतात.

बसवल्यावर टायरवरचा फिरण्याचा बाण किंवा ‘आउटसाइड’ ही खूण बरोबर बाजूला आहे का ते बघा. नट शेवटी टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराइतकंच आवळणाऱ्या पान्याने, आवळायला सांगा. हवेच्या दाबाचा इशारा देणारी यंत्रणा नव्याने सेट करून घ्या.

आणि बिल. बिलावर ‘४ टायर बजेट’ असं लिहिलेलं चालणार नाही. ब्रँड, नक्षीचं नाव, साइझ, भार-वेग आणि शक्य असेल तर डॉट क्रमांक लिहून घ्या. नाही लिहिला तर चारही टायरांचे फोटो काढून ठेवा. कारण सांगतो. २००७ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीच्या फॉरेन टायर सेल्स या आयातदाराने चीनहून आणलेल्या हलक्या ट्रकांच्या सुमारे ४,५०,००० टायरांचा प्रश्न उभा राहिला. टायरच्या थरांना धरून ठेवणारी रबराची पट्टी काही टायरांत नाही किंवा अपुरी आहे, असं आयातदाराचं म्हणणं होतं. चिनी उत्पादकाने ते नाकारलं. एकच माल वेस्टलेक, कंपास, टेलुराइड आणि वायकेएस अशा चार नावांनी विकला गेला होता. सगळे टायर परत घेण्याइतका पैसा आपल्याकडे नाही, हे आयातदाराने तेव्हाच सांगून टाकलं. टायर परत मागवला जातो तो डॉट क्रमांकावरून. अमेरिकेत टायर घेताना दुकानदार नोंदणीचा फॉर्म देतो, तो भरून पाठवा.

गावाकडच्या गाडीसाठी

भारतात ही नावांची जत्रा जवळजवळ नाही. नव्या टायरवर आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि जून २०२० पासून नवे टायर आयात करायला परवाना लागतो. त्यामुळे नाशिकमध्ये किंवा पणजीत कोणी ‘इम्पोर्टेड माल, बिल नको’ म्हणून अनोळखी नावाचा कार टायर दाखवला, तर आधी आयएसआय शोधा. दिसली नाही तर पुढे बोलणंच नको. रिमोल्ड केलेला, म्हणजे जुन्या टायरवर नवं रबर चढवलेला टायर नवा म्हणून गळ्यात मारला जात नाही ना, हेही बघा. पोट आणि नक्षी जिथे जुळतात तिथे बोट फिरवलं की जोडाची कड हाताला लागते.

समृद्धी महामार्गावर कारला ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि काँक्रीटच्या त्या सरळ पट्ट्यावर तासन्‌तास पळताना टायर चांगलाच तापतो. सुट्टीत घरी गेलात की आईवडिलांच्या गाडीचे टायर आधी बघा. महिन्यातून दोनदा बाजारात जाणारी गाडी. नक्षीची बटणं सगळी शाबूत, टायर दिसायला नवाकोरा, आणि तारखेचे आकडे नऊ वर्षांपूर्वीचे. बाजूला बारीक चिरा पडलेल्या असतात, अंगठ्याने दाबलं की उघडतात. अशा टायरवर मुंबई-नागपूर करू नका. चार नवे घ्या, चांगल्या भारतीय ब्रँडचे, आणि डिकी उघडून स्टेपनीवरचे चार आकडेही वाचा.